पेपरातले ‘निश्चित रुग्ण सात’ म्हणजे नेमके किती?

प्रश्न असा आहे : “आम्ही कोथरूडला राहतो. १२० फ्लॅटची सोसायटी. गेल्या पाच आठवड्यांत आमच्याकडे सात जणांना डेंग्यू झाला. पेपरात मात्र अख्ख्या शहराचे ‘या आठवड्यात निश्चित रुग्ण सात’ असे छापून येते. म्हणजे आकडे खोटे आहेत का? आणि दर आठवड्याला हे सगळे मोजून होते तरी काय?”

आकडा खोटा नाही, आणि तुमचे सात जणही खरे आहेत. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असते ते नीट सांगते. पुण्यात साथरोग सर्वेक्षणाच्या कामात मी २६ वर्षे होते. सोमवारी सकाळी मागच्या आठवड्याचे तक्ते उघडायचे, हा त्यातल्या बहुतेक वर्षांचा क्रम.

आधी तुमच्या सात जणांविषयी. त्यांची कुठली तपासणी झाली, ते रिपोर्ट काढून पाहा. बहुतेकांची जवळच्या लॅबमध्ये एनएस१ची, म्हणजे रक्तात डेंग्यू विषाणूचे प्रथिन शोधणारी, रॅपिड कार्ड टेस्ट झालेली असेल. अर्ध्या तासात उत्तर मिळते, डॉक्टर प्लेटलेट आणि रक्ताचा घट्टपणा बघत उपचार करतात, रुग्ण बरा होतो. उपचारासाठी यात काही चुकीचे नाही. मात्र राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे कार्डावरचा पॉझिटिव्ह ‘निश्चित’मध्ये धरत नाहीत. त्याला एलायझा, म्हणजे प्रयोगशाळेत प्लेटवर करायची रक्ततपासणी लागते : तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ एलायझा, पाच दिवसांनंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी) एलायझा. त्या आयजीएमची किट आपल्याच पुण्यात, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत तयार होतात आणि देशभरच्या केंद्रांना जातात. तुमच्या सातांपैकी दोघांचे रक्त एलायझाला गेले असेल तर ‘निश्चित’च्या रकान्यात फार तर दोनच येणार. बाकीचे पाच लॅबने किंवा डॉक्टरांनी कळवले असतील तर ‘संशयित’मध्ये असतील. कोणी कळवलेच नसेल तर कुठेच नसतील.

त्यातला एखादा पिंपरीच्या रुग्णालयात दाखल झाला असेल आणि फॉर्मवर पत्ता म्हणून त्याच्या ऑफिसचा पत्ता पडला असेल, तर तो कोथरूडचा न राहता दुसऱ्याच हद्दीत जातो. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, पुणे आणि खडकी कँटोन्मेंट, जिल्हा परिषदेचा ग्रामीण भाग, एवढ्या यंत्रणा शेजारी शेजारी काम करतात. डासाला आणि पाण्याच्या पाइपाला त्यांच्या हद्दी माहीत नसतात. रुग्णाचा राहता पत्ता शोधून त्याला योग्य हद्दीत परत पाठवणे, याला आम्ही ‘क्रॉस नोटिफिकेशन’ म्हणायचो. दिसायला कारकुनी वाटणाऱ्या या कामात आमचा निम्मा मंगळवार जायचा.

आता ‘या आठवड्यात’ या शब्दांकडे या. बाधित डास चावल्यावर ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. ताप आल्यावर माणूस दोन दिवस क्रोसिनवर काढतो, तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो. रक्त जाते. एलायझाची प्लेट ९६ खाचांची असते. दोन-चार नमुन्यांसाठी ती लावणे परवडत नाही, म्हणून नमुने साठू देतात. मग रिपोर्ट, मग नोंद, मग सोमवारचा तक्ता, मग पेपर. गुरुवारी चहाबरोबर तुम्ही जो आकडा वाचता तो दोन-तीन आठवड्यांपूर्वी चावलेल्या डासांचा असतो. म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलांना एक सवय लावली होती : रिपोर्टची तारीख बाजूला ठेवा आणि प्रत्येक रुग्णाला ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते विचारा. त्या तारखेवर आलेख काढला की साथीचा आकार दिसतो. रिपोर्टच्या तारखेवर काढला तर लॅबचे कामकाज दिसते.

मग एवढ्या उणिवा असलेला आकडा कशाला? पावसाळ्यात आपण सगळे पुणेकर खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सोडला ते वाचतो. पानशेत-वरसगावच्या डोंगरांत एकूण किती पाणी पडले ते त्या आकड्यावरून कोणाला काढता येत नाही. पण काल इतका होता, आज दुप्पट झाला, म्हणजे भिडे पूल पाण्याखाली जाणार आणि नदीकाठच्या वस्तीला सावध करायचे, एवढे त्यावरून पक्के कळते. साप्ताहिक आकड्याचे काम तसलेच आहे. शहरात डेंग्यूचे एकूण रुग्ण किती, याचे उत्तर तो देत नाही. त्याच चाळणीतून दर आठवड्याला किती पडते, आणि ते नेहमीपेक्षा जास्त आहे का, एवढेच तो सांगतो. चाळणीची भोके सारखी ठेवली तर उत्तर विश्वासाचे असते.

‘नेहमी’ म्हणजे काय, यातच खरे कौशल्य लागते. जुलैतल्या डेंग्यूची तुलना मे महिन्याशी केली तर दरवर्षी साथच दिसेल. म्हणून मागच्या चार-पाच वर्षांतला तोच आठवडा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा, असे घेऊन सरासरी काढायची आणि दरवर्षी ती किती वरखाली होते ते पाहायचे. त्या नेहमीच्या चढउताराच्या बरेच वर आकडा गेला की हात कामाला लावायचे. २०२० आणि २०२१ ही वर्षे मी या सरासरीतून काढून टाकायचे. लोक घरात होते, दवाखाने बंद होते, सगळ्या लॅब कोविडमध्ये बुडाल्या होत्या. त्या वर्षांतला कमी डेंग्यू धरून तुलना केली असती तर २०२२ मध्ये उगाचच घबराट झाली असती. आणि सबंध शहराची सरासरी काढून थांबायचे नाही. महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालये आहेत. शहराचा आकडा स्थिर असताना एका कार्यालयाच्या हद्दीत तो तिप्पट झालेला मी कितीदा तरी पाहिला आहे.

आठवडाच का, हेही लोक विचारतात. रोजचा आकडा फसवतो. रविवारी ओपीडी बंद, सोमवारी गर्दी, म्हणून दर सोमवारी ‘वाढ’ आणि दर रविवारी ‘घट’ दिसते. महिन्याचा आकडा येईपर्यंत हातातून वेळ गेलेली असते, कारण पावसाळ्याच्या हवेत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत ७ ते १० दिवसांत होते. आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याच हिशेबाने : भांडी, ट्रे, पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडे केले तर अळीचा डास होण्याआधीच ती संपते. मोजणी आणि उपाय एकाच तालावर चालतात. घासून म्हणते, नुसते ओतून नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात.

सोमवारी आम्ही रुग्णांचे आकडे नंतर बघायचो. आधी कोण गप्प आहे ते बघायचो. २००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून तीन फॉर्म होते. ‘एस’ म्हणजे आरोग्यसेविकेने लक्षणांवरून भरलेला, ‘पी’ डॉक्टरांनी निदानाच्या अंदाजाने भरलेला, ‘एल’ प्रयोगशाळेने भरलेला. सोमवार ते रविवार असा आठवडा. २०२१ पासून ही नोंद आयएचआयपी या ऑनलाइन यंत्रणेत रोजच्या रोज होते. कागद गेले, पण मूळ अडचण तीच राहिली : शून्य आणि ‘नोंद आली नाही’ या दोन गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसू शकतात. एका सप्टेंबरमध्ये एक मोठी खासगी लॅब सलग तीन आठवडे डेंग्यू शून्य कळवत होती. सप्टेंबरात, पुण्यात, शून्य! फोन केला तेव्हा कळले की नोंद करणारी मुलगी नोकरी सोडून गेली होती. नवा मुलगा आकडा टाकल्याशिवाय पडदा पुढे जात नाही म्हणून शून्य टाकत होता. त्याचा दोष नव्हता, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्या तीन आठवड्यांचे रुग्ण आम्ही बसून परत काढले आणि आमचा उतरता आलेख चढता झाला.

सणांचेही असेच. अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात आकडा पडतो, दिवाळीत पडतो. मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे चालते, पेठांतले रस्ते बंद असतात, नमुने घेऊन जाणारा माणूस लॅबपर्यंत पोचू शकत नाही. पुढच्या आठवड्यात तो साचलेला आकडा एकदम वर येतो. या दोन आठवड्यांचा विचार एकत्रच करायचा असतो. आषाढी वारीत उलटे होते. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत दोन रात्री मुक्कामाला असते, लाखो वारकरी शहरात असतात. तेव्हा जुलाबाच्या रुग्णांची वाढ बघताना लोकसंख्याच तेवढ्यापुरती बदलली आहे हे ध्यानात ठेवावे लागते. त्या आठवड्यात टँकरच्या नळाशी ओटी टेस्ट करून क्लोरीन बघणे मला तक्त्यापेक्षा महत्त्वाचे वाटायचे. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही, तर रुग्णांची वाट कशाला पाहायची?

तपासण्या किती झाल्या, हे न सांगता दिलेला आकडा मी कधी पुढे पाठवला नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना हे पटकन समजेल. समजा, एका आठवड्यात १०० जणांची तपासणी झाली आणि १० पॉझिटिव्ह निघाले. पुढच्या आठवड्यात भीतीपोटी ३०० जण आले आणि २४ निघाले. रुग्ण जवळजवळ अडीचपट झाले असा मथळा होईल. प्रत्यक्षात शंभरामागे दहाचे आठ झाले आहेत. याच्या उलट, किट संपल्यामुळे तपासण्या निम्म्या झाल्या आणि रुग्णही निम्मे झाले, तर ती घट नव्हे.

माझी एक चूक सांगते. कावीळ हा संथ आजार आहे. हिपॅटायटिस ए चा विषाणू पोटात गेल्यावर साधारण चार आठवड्यांनी डोळे पिवळे होतात, हिपॅटायटिस ई ला दोन ते दहा आठवडे लागू शकतात. शहराच्या एका जुन्या भागात काविळीचे रुग्ण निघत होते, पण पाच वेगवेगळ्या रुग्णालयांतून एकेक, दोन-दोन असे. मी यादी रुग्णालयानुसार लावली होती. एकाही रुग्णालयाचा आकडा डोळ्यात भरत नव्हता, त्यामुळे दोन आठवडे मी ‘तुरळक’ असा शेरा मारला. तिसऱ्या आठवड्यात एका आरोग्यसेविकेने सांगितले, “मॅडम, माझ्याच दोन गल्ल्यांत सहा जण पिवळे आहेत.” यादी राहत्या पत्त्यावर आणि लक्षणाच्या तारखेवर लावली तर अकरा घरे एकाच जलवाहिनीवर होती, आणि ती वाहिनी नाल्याखालून जात होती. गळती दोन दिवसांत सापडली. ते दोन आठवडे मात्र लोक तेच पाणी पीत राहिले, आणि त्यात एक सात महिन्यांची गरोदर बाई होती. हिपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेतू शकतो. ती वाचली, पण तिच्या घरच्यांचे चेहरे मला अजून दिसतात. त्यानंतर मी कुठलीही यादी रुग्णालयानुसार लावली नाही.

याच कारणाने मला ‘एस’ फॉर्म सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यात रोगाचे नाव नसते. ताप, पुरळ, जुलाब, कावीळ, खोकला एवढेच. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला जुलै २०२१ मध्ये तापाचे रुग्ण वाढले, म्हणून रक्त एनआयव्हीला गेले. चिकुनगुनिया निघाला, आणि त्यानंतर घेतलेल्या नमुन्यांत महाराष्ट्रातला पहिला झिकाही निघाला. झिका शोधायला कोणी निघाले नव्हते. ताप वाढला हे कोणीतरी लिहिले, एवढेच.

आणि मग जानेवारी २०२५. सिंहगड रस्ता आणि त्यालगतचे नांदेड गाव, किरकटवाडी या भागातून जीबीएसचे, म्हणजे गिलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण येऊ लागले : हातापायांची ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. हा आजार जगभर वर्षाला लाखामागे एक-दोन जणांना होतो. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि भोवताल मिळून सत्तर लाखांच्या आसपास वस्ती धरली तर आठवड्याला एक ते तीन रुग्ण हे इथले ‘नेहमीचे’. काही दिवसांत वीसच्या वर रुग्ण दिसल्यावर हे वेगळे आहे असे म्हणायला आलेखाचीही गरज नव्हती. पुढे हा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले.

यातली एक गोष्ट बाहेर फारशी बोलली गेली नाही, म्हणून इथे लिहिते. जीबीएस तेव्हा साप्ताहिक नोंदीच्या नेहमीच्या यादीतला आजार नव्हता. पण पोलिओसाठी आपण १५ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या अचानक आलेल्या लुळेपणाची नोंद करतो. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांत, २४ तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेतो. त्यात लहान मुलांचा जीबीएस आपोआप पकडला जातो. त्या यंत्रणेचा नियमही मला फार आवडतो : पोलिओ नसतानाही एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक तरी लुळेपणाचा रुग्ण सापडलाच पाहिजे, नाही सापडला तर शोध कमी पडला असे धरतात. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला त्यात या हट्टाचाही वाटा होता. मोठ्या माणसांच्या लुळेपणासाठी अशी जाळी नाही. तिथे सगळी मदार एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाने फोन उचलून ‘माझ्याकडे एका आठवड्यात फार आलेत’ असे सांगण्यावर आहे. शिवाय जीबीएस साधारणपणे पोट बिघडल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी होतो. त्या भागातले आधीच्या आठवड्यांतले जुलाब कोणी प्रभागवार मांडत असेल, तर ती चढण लुळेपणाच्या आधी दिसू शकते. पण जुलाब म्हणजे किरकोळ, त्याला काय लिहायचे, असे बहुतेक खासगी दवाखान्यांत मानतात. माझा जीव यासाठीच तुटतो. पुण्यात तापाचा नि जुलाबाचा पहिला रुग्ण बहुतेक वेळा गल्लीतल्या जनरल प्रॅक्टिशनरकडे जातो, आणि तिथूनच सगळ्यात कमी नोंद येते. त्या डॉक्टरकडे कारकून नसतो, रोज सत्तर पेशंट असतात, आणि कळवून काय झाले हे त्यांना कोणी परत सांगत नाही. मी ज्या डॉक्टरांना दर महिन्याला फोन करून ‘तुम्ही कळवलेल्या तीन तापांमुळे अमुक ठिकाणी अळ्या सापडल्या’ असे सांगितले, ते पुढे न मागता कळवत राहिले.

न कळवण्याचे दुसरे कारण भीती. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरोघर झडत्या झाल्या तेव्हा लोकांनी आजारी माणसे लपवली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. लोक कोणाला दार उघडतात आणि कोणापासून लपतात, ते तेव्हाच दिसले होते. आज झडती नाही, पण नोटीस आणि दंड आहे. अळ्या सापडल्या तर सोसायटीला नोटीस येते, म्हणून चेअरमन म्हणतात, ‘आपल्याकडे डेंग्यू आहे असे कशाला बोभाटा करायचा?’ तुमच्या सातांमध्येही असे काही झाले आहे का, हे एकदा मोकळेपणाने बोला.

आता तुम्ही काय करायचे. एका कागदावर सातही जणांची यादी करा : वय, इमारत आणि मजला, ताप सुरू झाल्याची तारीख, कोणती तपासणी झाली, त्याआधीच्या दहा दिवसांत गावाबाहेर गेले होते का. रिपोर्टच्या प्रती जोडा. सर्वांची संमती घ्या. कागद कोथरूड-बावधन क्षेत्रीय कार्यालयात कीटक प्रतिबंधक विभागाच्या निरीक्षकांकडे स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. सात तारखांपैकी चार-पाच जर दोन आठवड्यांच्या आत असतील आणि घरे जवळजवळ असतील, तर डास बहुधा तुमच्याच आवारात तयार होतो आहे. एडिस सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. धूरफवारणी मागू नका, किंवा मागितली तरी तिच्यावर थांबू नका. ती उडणारे डास मारते, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. कंटेनर सर्वे, म्हणजे पाणी साठणाऱ्या जागांची पाहणी, मागा, आणि निरीक्षकांबरोबर स्वतः फिरा. लिफ्टचा खड्डा, गच्चीवरचे उघडे पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, बंद असलेल्या फ्लॅटचे कमोड आणि बाल्कनी बघा. शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेले पाणीही बघा. बंद फ्लॅटची किल्ली कोणाकडे आहे ते आधीच विचारून ठेवा, सर्वे बहुधा तिथेच अडतो.

त्या दिवसापासून तीन आठवडे कागद फेकू नका. पहिल्या दहा-बारा दिवसांत आणखी एखाद्याला ताप आला तर घाबरू नका, तो आधी चावलेल्या डासाचा असू शकतो. त्यानंतरही ताप येत राहिला तर बहुधा एखादे पाणी राहून गेले आहे. नव्या तारखा त्याच यादीत लिहा आणि कागद घेऊन पुन्हा त्याच टेबलापाशी जा.